तिघांची फळी

वणीच्या कापूस बाजाराच्या मागे जफर मिस्त्रीचं दुकान होतं. कडुलिंबाखाली टिनाचं छप्पर, एक ऐरण, एक भाता आणि आजूबाजूला उघडून पडलेली इंजिनं. जिनिंगमधलं तेलाचं इंजिन असो की मळ्यातला पंप, बंद पडलेली वस्तू जफरकडे यायची आणि बहुतेक वेळा चालती होऊन परत जायची. त्याची बायको हुस्नाबी म्हणायची, याला माणसाच्या नाडीपेक्षा इंजिनाचा ठोका लवकर कळतो. हे ती कौतुकानं म्हणते की रागानं, ते जफरला कधी नक्की कळलं नाही.

एकदा सामान आणायला तो नागपूरला गेला होता. स्टेशनाबाहेर त्यानं एक फटफटी पाहिली. पुढे लढाईतली जाडजूड मोटरसायकल आणि तिचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकांवर टांग्यासारखी बैठक. लोक दाटीवाटीनं बसत होते आणि ती धूर सोडत निघून जात होती. वणीहून राजूरच्या चुनाभट्ट्यांकडे रोज माणसं पायी जायची. बस होती, पण ती तिच्या मनाची. जफरच्या डोक्यात ती फटफटी शिरली, ती बाहेर निघालीच नाही.

एका मालगुजाराच्या गोठ्यामागे तसलीच एक मोटरसायकल कैक वर्षं पडून होती. इंजिन फुटलेलं आणि टाकीखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मालगुजाराच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करून दिल्यावर ती जफरनं मागून आणली. मागची चौकट कापली, तिला जीपच्या जुन्या कमानी, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, लावल्या, खाली लोहाराकडून आस घडवून घेतला आणि त्यावर दोन चाकं चढवली. साखळी एकाच चाकाला दिली, त्यामुळे गाडी थोडी एका अंगाला ओढणार हे त्याला ठाऊक होतं. मागे सागाची एक रुंद फळी आडवी बसवली, तिघांना ऐसपैस बसता येईल अशी.

राहिलं इंजिन. ते त्याला राजूरच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात सापडलं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की घासलेटवर चालवायचं, अशा जातीचं. दोरी गुंडाळून ओढली की सुरू होणारं. बाहेरून गंजलेलं, पण उघडून पाहिलं तर आत नव्यासारखं. मोटरसायकलीचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा होता, म्हणून काम सोपं गेलं. जफरनं लोखंडी पट्ट्यांचा पाळणा करून इंजिन त्यात बसवलं, सुताची दोरी ताणून साखळी सरळ आहे की नाही ते पाहिलं, आणि एकसष्ट सालच्या ऐन उन्हाळ्यात एका सकाळी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झालं.

पहिल्या फेरीला भट्टीवरची तीन माणसं बसली. गाडी मजेत राजूरला पोचली. परत येताना मागे कोणी नव्हतं, तेव्हा ती हलकी धावायला हवी होती. पण जफरला सपाट रस्त्यावर खालचा गिअर टाकावा लागला. इंजिन चढावर असल्यासारखं कण्हत होतं. त्याला वाटलं ब्रेक घासतोय. घरी येऊन त्यानं चाकं उघडली, साखळी सैल करून पाहिली, बेअरिंगला ग्रीस भरलं. कुठेच काही अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. माणसं भरली की गाडी सुरळीत, रिकामी असली की जड. असं कधी कोणत्या गाडीचं ऐकलं नव्हतं. त्यात एका दुपारी भाजी विकणारी एक म्हातारी एकटीच बसून आली. उतरताना ती चिडली होती. म्हणाली, एवढी दाटी होती तर मला कायले बसवलं. सारा रस्ता ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. जफरनं विचारलं, दाटी कोणाची? म्हातारीनं मागे वळून पाहिलं, मग टोपलं डोक्यावर घेतलं आणि भरभर निघून गेली. तिच्या लुगड्यावर मागच्या बाजूनं ओला काळा डाग पडला होता.

जफरनं फळीवर हात ठेवला. मे महिन्याचं ऊन होतं. पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. फळी मात्र गार होती, आणि तळव्याला ओल लागली. ओलीबरोबर बारीक काळी कचही आली. त्यानं ती बोटांत चोळली. कोळशाची होती.

त्यानं घरात काही सांगितलं नाही. पण पुढच्या सकाळी तो अंगणात इंजिन सुरू करून समोर उभा राहून कार्बोरेटर जुळवत होता, आणि हुस्नाबी दोरीवर कपडे टाकत होती. ती हातातलं ओलं कापड तसंच धरून थांबली.

"पीछे कौन बैठा जी?"

जफर मागे आला. फळीवर कोणी नव्हतं. पण कमानी दबून आडव्या झाल्या होत्या आणि चाकांची हवा बसली असावी तशी गाडी मागून खाली गेली होती. त्यानं इंजिन बंद केलं. करकर आवाज करत गाडी हळूहळू वर आली. पुन्हा दोरी ओढली. इंजिनानं ठोका धरला, आणि मागची बाजू खाली बसली. एकदम नाही. आधी उजवी कड, मग मधला भाग, मग डावी कड. जसे एकामागून एक तिघे जण चढले असावेत.

हुस्नाबीनं कापड बादलीत टाकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. दारामागूनच तिनं सांगितलं की हे इंजिन ज्याचं आहे त्याला विचारून या, तोवर ही गाडी अंगणात नको.

जफर गाडी घेऊनच राजूरला भंगारवाल्याकडे गेला. भंगारवाल्यानं आढेवेढे घेतले नाहीत. इंजिन एका बुडालेल्या खाणीवरचं होतं, म्हणाला. गावाबाहेर एका ठेकेदारानं विहिरीसारखा खड्डा खणून कोळसा काढायला सुरुवात केली होती. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी आत शिरलं. ठेकेदार निघून गेला, इंजिन इथे आलं. ते चालवणारा नागोराव आता चुनाभट्टीवर काम करतो, त्याला विचारा.

भट्टीकडे जाताना जफरला नागोरावला शोधावं लागलं नाही. चुन्यानं भुवयांपर्यंत पांढरा झालेला एक माणूस भट्टी सोडून रस्त्यात येऊन उभा होता. गाडी अजून वळणापलीकडे होती तेव्हाच तो निघाला असावा. त्यानं जफरकडे पाहिलंच नाही. तो इंजिनाकडे बघत होता.

"हे माह्यं इंजन आहे," तो म्हणाला. "दोन कोसांवरून वळखीन मी याचा आवाज. तुमी याले कायले चालू केलं?"

जफरनं इंजिन तसंच चालू ठेवलं आणि त्याला मागे नेऊन दबलेल्या कमानी दाखवल्या. नागोराव खाली बसला. बराच वेळ त्यानं कमानींकडे पाहिलं, मग फळीकडे. त्यानं फळीला हात लावला नाही. मग बाभळीच्या विरळ सावलीत बसून त्यानं जे झालं ते सांगितलं.

खाणीच्या तोंडावर लोखंडी रहाट होता, त्याला हे इंजिन. रहाटाच्या दोराला मोठी बादली. तिच्यातून कोळसा वर यायचा आणि माणसंही. खाली एक तार लोंबत असे. ती ओढली की वर घंटी वाजे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली सोड, तीन म्हणजे बादलीत माणसं आहेत, वर घे. त्या दिवशी नाला फुटला तेव्हा खाली तिघे होते. बंजारा तांड्यावरचा लालसिंग, पोडावरचा, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचा बापूजी, आणि उकंडा नावाचा एक नवा गडी. घंटी तीनदा वाजली. नागोरावनं रहाट जोडला. दोरावर वजन आलं, बादली वर येऊ लागली. त्यांना हात द्यायला तो काठाशी गेला. तेवढ्यात काठाची माती सुटायला लागली आणि इंजिनाखालचा ओटा तडकला. इंजिन आत जाईल म्हणून ठेकेदारानं स्वतः धावत येऊन रहाट इंजिनापासून सोडवला. बादली परत खाली गेली. ठेकेदाराची माणसं इंजिन मागे ओढत होती, आणि नागोराव त्यांच्याशी झोंबत होता, तोवर घंटी वाजतच होती. मग वाजायची थांबली.

"मी त्यायचे चेहरे पाह्यलेते," नागोराव म्हणाला. "एवढे वर आलते. हातभर राह्यले होते."

पाणी कधी उपसलं गेलं नाही. कोणाचंच काही वर आलं नाही.

जफरनं विचारलं, आता काय करायचं? इंजिन पुन्हा खाणीत टाकायचं का?

नागोरावनं मान हलवली. तो अगदी साध्या आवाजात बोलला, भट्टीवरच्या कामाबद्दल बोलावं तसा.

"कायले टाकता? यानं आपलं काम केलं, जफरभाई. त्याइले वर आनलं. आता घरी नेऊन सोडा लागते, एवढंच राह्यलं."

तो जफरच्या बाजूला, टाकीजवळच्या पत्र्यावर बसला आणि तांड्याकडे हात दाखवला.

भर दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी जड चालत होती, आणि दोघांपैकी कोणीच मागे पाहत नव्हतं. तांड्यावर लालसिंगची म्हातारी आई धनीबाई दारात बसून घागऱ्याला कवड्या शिवत होती. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, सुई ती बोटांनीच चालवायची. गाडी थांबली तशी उंबऱ्यावरचा कुत्रा उठला. तो भुंकला नाही. शेपटी हलवत गाडीपर्यंत आला आणि मग कोणाच्या तरी पायाशी घुटमळत चालावं तसा वाकडातिकडा चालत परत दाराकडे गेला. धनीबाईनं सुई थांबवली आणि तोंड वर केलं. आपल्या बोलीत ती काहीतरी बोलली, आणि पुन्हा शिवायला लागली. नागोरावला ती बोली येत होती. गाडी तांड्याबाहेर आल्यावर त्यानं सांगितलं, ती म्हणाली की पाय धुऊन आत ये.

जफरनं तेव्हा मागे पाहिलं. फळीची उजवी कड वर आली होती.

बापूजीच्या पोडावर कोणीच नव्हतं. तेंदूपानांचे दिवस होते, सगळी वस्ती रानात गेलेली. त्याची बायको रामीबाई हिच्या खोपटाला बाहेरून कडी होती. दोघांनी गाडी तिथे उभी केली आणि वाट पाहिली. काही झालं नाही. वारासुद्धा नव्हता. मग दाराशेजारच्या रांजणावरचा जस्ताचा पेला खाली पडला आणि पाण्याचा ओघळ उंबऱ्याखालून आत गेला. कमान करकरली. नागोरावनं खाली उतरून पेला उचलला, पुसला आणि रांजणावर पालथा ठेवला. 

आता डावी कड तेवढी दबलेली राहिली.

उकंड्याचं घर नागोरावला माहीत नव्हतं. तो मारेगावच्या पलीकडचा, नाल्याकाठच्या एका गावचा, एवढंच तो बोलण्यातून जाणत होता. छप्पन साली नागपूरला जाऊन उकंड्यानं बायकोसह दीक्षा घेतली होती. परत आल्यावर त्यांच्या वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. त्यावर गावानं त्यांना शेतात कामाला बोलावणं बंद केलं. म्हणून तो खाणीवर आला होता. बायकोचं नाव इंदू, हे तो रोज एकदा तरी घ्यायचा.

दुसऱ्या सकाळी दोघे मारेगावच्या वाटेला लागले. दोरी ओढल्यावर मागची डावी बाजू तेवढी खाली बसली आणि गाडी कलून निघाली. काळ्या रानात कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि ढेकळं पेरणीची वाट बघत होती. एक-दोन वेळा रस्त्यातल्या माणसांनी हात दाखवला, पण जफर थांबला नाही. मारेगाव मागे पडलं, पुढे बैलगाडीची वाट. फाट्यावर कुठे वळायचं ते नागोरावला सांगता येईना. जफरनं हँडल सैल सोडलं. गाडी ज्या बाजूला वळली तिकडे तो गेला.

गावाच्या तोंडाशी पारावर बसलेल्यांना त्यांनी उकंड्याचं घर विचारलं. त्यातला एक जण हसला आणि म्हणाला, बायकोले टाकून पळाला थोच ना? दुसऱ्यानं वस्तीकडे बोट केलं.

इंदूबाई नुकतीच डोक्यावर काड्यांचा भारा घेऊन आली होती. तिशीची असेल, पण हाडं दिसत होती. घर झाडून लख्ख केलेलं, भिंतीवर बुद्धाचं एक चित्र. दोन परके पुरुष पाहून ती दारातच उभी राहिली. नागोरावनं आपलं नाव सांगितलं आणि तुमचा माणूस माझ्यासोबत खाणीवर होता म्हणून सांगितलं.

"मंग तुमाले माईत असन थो कोठी गेला ते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, सवय होती. ठेकेदाराचा माणूस येऊन तिला सांगून गेला होता की तुझ्या नवऱ्यानं काम सोडलं, एका बाईसोबत नागपूरकडे निघून गेला. गावाला हे ऐकून बरं वाटलं. धर्म बदलला आणि बायकोही बदलली, असं लोक तिला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं बोलत. तीन वर्षं ती हे ऐकत होती. नागपूरहून कोणी आलं की ती त्याचा पत्ता विचारायची, मग तेही सोडलं.

नागोरावला हे काहीच माहीत नव्हतं. तो खाली बसला. सगळं सांगितलं, घंटी, दोर, हातभर राहिलेलं अंतर. काही लपवलं नाही आणि काही मऊ केलं नाही. इंदूबाई उभ्यानं ऐकत राहिली. शेवटी तिनं एवढंच विचारलं.

"म्हंजे थो घरीच येऊन राह्यलता?"

"हो बाई," नागोराव म्हणाला. "घरीच."

इंजिन चालू होतं. ती गाडीजवळ आली, कलंडलेली फळी पाहिली, आणि डाव्या कोपऱ्यात जिथे लाकूड काळं पडून ओलं झालं होतं तिथे तळवा ठेवला. तो तसाच राहू दिला. जफरला दिसलं की तिच्या हातावर शहारा आला, पण तिनं हात काढला नाही. मग ती दुसऱ्या टोकाला चढून बसली, मधे जागा सोडून, आणि जफरकडे वळली.

"भाऊ, गाडी गावातून घ्या. साऱ्या घरांपुढून. हळू घ्या."

जफरनं खालचा गिअर टाकला. वस्तीतून निघून गाडी पारापर्यंत गेली, मग पाटलाच्या घरावरून, देवळावरून, दुकानावरून. इंजिनाच्या आवाजानं लोक दारात आले. मघा हसलेला माणूस पारावरून उठला. सगळ्यांना दिसत होतं. बाई बसली होती उजव्या कोपऱ्यात, काडीसारखी, आणि गाडी दबली होती डावीकडे, कमान पार आडवी. रिकाम्या कोपऱ्याखालून पाण्याचे थेंब धुळीत पडत येत होते. प्रत्येक घरापुढे एक काळा ठिपका. इंदूबाई कोणाकडे बघत नव्हती, पण तिनं पदर डोक्यावरून घेतला नव्हता आणि मान खाली घातली नव्हती. एक म्हातारा पागोटं काढून हातात घेऊन उभा राहिला, आणि ते परत डोक्यावर घालायचं त्याला सुचलं नाही.

घरापुढे आल्यावर ती उतरली. दार उघडंच होतं. ती बाजूला सरून उभी राहिली, आधी दुसऱ्या कोणाला आत जाऊ द्यावं तशी, आणि मग आत गेली. गाडी वर आली. इतक्या हळू आली की जफरला वाटलं उतरणारा मागे वळून त्याच्याकडे पाहतोय.

इंदूबाई पुन्हा बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. फोडल्या नव्हत्या, काढून ठेवल्या होत्या. तिनं दोघांना पाणी दिलं आणि नागोरावला सांगितलं की पुढच्या पौर्णिमेला वस्तीत या, आणि हे सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. नागोरावनं हो म्हटलं. आणि तो गेला. तिथे तो बोलला, नंतर राजूरलाही बोलला, आणि ठेकेदाराच्या नावानं पोलिसांत जबाबही दिला. ठेकेदार सापडला नाही. पण पारावरचं बोलणं बंद झालं, आणि पुढच्या पेरणीला इंदूबाईला गावातून कामाचं बोलावणं आलं. ती गेली नाही. वस्तीतल्या बायकांसोबत ती नाल्यावरच्या सरकारी बांधाच्या कामाला लागली.

जफरच्या मनात मात्र राहिली ती त्या दिवशीची परतीची वाट. गाडी आता हलकी धावत होती, खरं तर तिनं पहिल्या दिवसापासून धावायला हवं होतं तशीच. प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू उडत होती. पण जफरला ते सोसेना. इतके दिवस पाठीशी जे होतं त्याची त्याला भीती वाटली होती. आता पाठीशी काहीच नव्हतं, आणि त्याची भीती त्याहून मोठी होती. त्यानं दोनदा गाडी थांबवून फळी जागेवर आहे ना ते पाहिलं. लाकूड वाळलं होतं आणि उन्हानं तापलं होतं. नागोराव टाकीजवळ बसून होता. त्यालाही वळून पाहावंसं वाटत असावं, कारण त्याची मान ताठ झाली होती.

मारेगावच्या बाजारात जफर थांबला आणि वणीकडे जाणारं कोणी आहे का म्हणून ओरडला. भाडं नको म्हणाला. दोन बाया आणि एक सुतार चढले. बसताना गाडी त्यांच्या वजनानं रीतसर दबली. सुताराला बाभळीचं लाकूड महाग मिळालं होतं, ते तो बायांना सांगत होता, आणि बाया त्याला त्यांच्या गावच्या लाकडाचा भाव सांगत होत्या. वणी येईपर्यंत जफर ते सगळं कान देऊन ऐकत गेला.